द्राक्ष, डीपीपीएच आणि दोन केल्विन: सेंद्रिय स्फटिकांचं चुंबकत्व मोजायला शिकताना

नाशिकमध्ये कुणाला "सेंद्रिय चुंबकांवर काम करतो" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "एकरी किती टाकायचं?" इथे सेंद्रिय म्हणजे गांडूळखत, जीवामृत, नाहीतर दिंडोरीकडची बिनफवारणीची बाग. रसायनशास्त्रातलं सेंद्रिय वेगळं, कार्बनच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या रेणूंचं. अशा काही मोजक्या रेणूंचे स्फटिक चुंबकत्व दाखवतात, आणि ते कोणत्या तऱ्हेचं हे बहुतांशी तापमान ठरवतं.

एमएस्सीच्या प्रकल्पात किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी या विषयात पाय ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. पुस्तकातली सूत्रं तुम्हाला कुठेही मिळतील. नमुना बाटलीतून काढल्यापासून आलेखावर बोट ठेवेपर्यंत पाय कुठे घसरतो, तेवढंच इथे.

सुरुवात द्राक्षापासून

दोन टपोरी थॉमसन द्राक्षं घ्या. बांबूच्या काडीच्या दोन टोकांना एकेक खोचा, काडीच्या मधोमध दोरा बांधून ती आडवी टांगा. पंखा बंद. काडी स्थिर व्हायला पाच मिनिटं लागतात, धीर धरा. मग नखाएवढा जाड निओडिमियम चुंबक एका द्राक्षाच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. द्राक्ष हळूहळू मागे सरकतं. चुंबक उलटा करून दुसरा ध्रुव समोर धरा, तरीही मागेच सरकतं.

हा डायामॅग्नेटिझम. द्राक्षातल्या पाण्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले असतात, आणि असे जोडीतले इलेक्ट्रॉन बाहेरच्या चुंबकाला किंचित विरोध करतात. फ्रिजमधलं गार द्राक्ष लावा की उन्हात तापलेलं, धक्का तेवढाच. तापमानाचा त्याच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे हिशेबात तेच आडवं येणार आहे. कारण तुमच्या झकपक रेणूतही शंभर-दीडशे इलेक्ट्रॉन असेच जोडीने बसलेले असतात आणि एकटा इलेक्ट्रॉन फक्त एक असतो. सगळा खेळ त्या एकट्याचा. ज्या रेणूत असा एकटा इलेक्ट्रॉन असतो तो रॅडिकल.

केल्विनमध्ये विचार करायची सवय

निफाडला हिवाळ्यात पहाटे पारा ५ अंशांवर येतो आणि बागायतदार द्राक्ष वाचवायला शेकोट्या पेटवतात. मे महिन्यात शहरात ४० अंश होतात. आपल्याला हा फरक केवढा वाटतो! केल्विनमध्ये तो २७८ ते ३१३ एवढाच. पिअर क्यूरीने १८९५ मध्ये दाखवलं की एकट्या-दुकट्या चुंबकी कणांची ससेप्टिबिलिटी, म्हणजे चुंबकक्षेत्राला मिळणारा प्रतिसाद, तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे अख्ख्या नाशिकच्या ऋतुचक्रात ती जेमतेम १२ टक्क्यांनी बदलणार. गावोगावी गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी जी द्रव नायट्रोजनची कॅन फिरते तिच्यात ७७ केल्विन असतात, तिथे खोलीच्या चौपट. आणि हेलियमच्या मदतीने २ केल्विनला गेलात तर दीडशे पट. म्हणून हा प्रयोग थंडीतच करावा लागतो, आणि आपल्या थंडीचा इथे काही उपयोग नाही.

ससेप्टिबिलिटीची खूण म्हणजे ग्रीक अक्षर 'काय'. "सर, काय म्हणजे काय?" हा विनोद दरवर्षी एकदा होतो, होऊ द्यावा. एका मोल रॅडिकलसाठी काय गुणिले तापमान हा आकडा, एकमेकांशी काहीही देणंघेणं नसेल तर, ०.३७५ ईएमयू केल्विन प्रति मोल येतो (ईएमयू हे चुंबकत्वाचं जुनं सीजीएस एकक). ३०० केल्विनला काय = ०.००१२५, १० केल्विनला ०.०३७५, गुणाकार तोच. हा ०.३७५ पाठ करा. पुढची सगळी वाचनं याच्याशी ताडून करायची आहेत.

नमुना कुठून आणायचा

पहिल्याच दिवशी नवा रेणू बनवायला बसू नका. डीपीपीएच नावाचा तयार रॅडिकल घ्या. जांभळट-काळी भुकटी, रेणुभार ३९४. द्राक्षाच्या बियांचा, सालीचा अर्क अँटिऑक्सिडंट आहे का हे तपासायला वनस्पतिशास्त्र आणि फार्मसीवाले हेच वापरतात: जांभळा रंग पिवळा पडला की चाचणी झाली. म्हणजे तुमच्या कॉलेजात नाही तर शेजारच्या विभागात बाटली सापडेलच. मात्र बाटलीवर कुठल्या द्रावकातून स्फटिक काढले ते लिहिलेलं नसतं. बेंझिनमधून काढलेल्या डीपीपीएचमध्ये बेंझिनचे रेणूही स्फटिकात जाऊन बसतात. दुसऱ्या द्रावकातून काढलं तर रचना वेगळी, आणि कमी तापमानाचं वागणं वेगळं. तेव्हा स्वतः पुन्हा स्फटिक करा आणि द्रावक वहीत नोंदवा.

टेम्पो हा दुसरा सोपा रॅडिकल. केशरी-लाल, दिसायला सुंदर, पण नाशिकच्या उन्हाळ्यात भरवशाचा नाही. त्याचा वितळणबिंदू ३६ ते ३८ अंश. मी एप्रिलमध्ये बाटली पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवून सोमवारी आलो तर तळाशी लाल सिरप, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेतून उडून बसलेले सुयांसारखे स्फटिक. बघायला छान होतं. पण त्याहून मोठी अडचण यंत्रात येते. तिथे नमुन्याभोवतीची हवा काढून घेतात, आणि तेवढ्यात टेम्पो कुपीतून उडून जायला लागतो. नमुना दर तासाला हलका होतो आणि तुम्ही समजता की चुंबकत्व कमी होतंय.

भरताना: स्टीलचा चमचा नको

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझे तीन महिने यातच गेले.

२० मिलिग्रॅम डीपीपीएच, क्षेत्र १००० ओर्स्टेड (०.१ टेस्ला), तापमान ३०० केल्विन. एकट्या इलेक्ट्रॉनांकडून येणारा चुंबकी मोमेंट, म्हणजे नमुना किती चुंबकित झाला त्याचं माप, साधारण ०.००००६३ ईएमयू. आता प्रयोगशाळेतला नेहमीचा, कोपऱ्यात गंज धरलेला स्टीलचा स्पॅच्युला. त्यावरून एक मायक्रोग्रॅम लोखंड नमुन्यात पडलं असं धरा. डोळ्याला ते दिसणारही नाही. लोखंड पूर्ण चुंबकित झालं तर त्या एका मायक्रोग्रॅमचा मोमेंट ०.०००२२ ईएमयू, म्हणजे तुमच्या अख्ख्या नमुन्याच्या तिपटीहून जास्त. मला असंच खोलीच्या तापमानाला "सेंद्रिय फेरोमॅग्नेट", म्हणजे लोखंडासारखं चुंबक, सापडलं होतं. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी गाईडने विचारलं, "चमचा कसला होता?"

तेव्हा प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा चमचा. खल अ‍ॅगेटचा. काम करायची जागा लेथ आणि ग्राइंडरपासून लांब. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या बाजूला खोली असेल तर खिडकी बंद ठेवा. नमुना जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरतात, औषधाची असते तसलीच. रिकामी कॅप्सूल आधी तोला, हातमोजे घालून, आणि तिला सुईने एक बारीक भोक पाडा, नाहीतर हवा आत अडकते. अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन थंडीत गोठतो आणि ४५-५० केल्विनच्या आसपास आलेखावर एक उंचवटा काढतो. अनेकांनी तो उंचवटा आपल्या रेणूचा शोध म्हणून मिरवला आहे.

स्फटिक क्षेत्रात फिरू नयेत म्हणून काही जण आयकोसेन नावाच्या मेणात ते बसवतात. त्याचाही वितळणबिंदू ३७ अंशांच्या आसपास. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत हा उद्योग करू नका.

मोजायचं कुठे

कॉलेजच्या एमएस्सी प्रयोगशाळेत गूई तराजू असतो, चुंबकाजवळ नमुन्याचं वजन किती बदलतं ते दाखवणारा. त्यावर कॉपर सल्फेट मोजून हात बसवा. तो खोलीच्या तापमानालाच चालतो, म्हणजे आपल्या आलेखावर एकच ठिपका. खरं काम स्क्विड मॅग्नेटोमीटरचं: अतिवाहक कडं, द्रव हेलियमची थंडी, साधारण १.८ ते ४०० केल्विनपर्यंतची मजल. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संशोधनसंस्था आहेतच. इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम तर विद्यापीठांतल्या लोकांना अशी यंत्रं वापरायला मिळावीत म्हणूनच आहे. आग्रा रोडने मालेगाव, धुळे ओलांडत चारशे-एक किलोमीटर. देशभरातल्या यंत्रांची यादी आणि बुकिंग आय-स्टेम पोर्टलवर मिळतं.

जमलं तर नमुन्याबरोबर स्वतः जा. कुरिअरने पाठवलेल्या नमुन्यावर ऑपरेटर ठरलेलं मोजमाप करून देतो: २ ते ३०० केल्विन, तापवताना, एकदाच. तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. काय काय हवं ते कागदावर लिहून द्या.

आधी ३०० केल्विनला क्षेत्र बदलत मोमेंट मोजायचा. रेष सरळ असावी आणि मागे वाढवली तर शून्यातून जावी. शून्याच्या वर छेदत असेल तर तेवढं लोखंड. मग क्षेत्र शून्य ठेवून २ केल्विनपर्यंत थंड करायचं, १००० ओर्स्टेड लावायचं आणि तापवत मोजायचं. २० केल्विनच्या खाली ठिपके दाट, अर्ध्या-एक केल्विनवर, वर ५-१० केल्विनवर चालतात. ३००ला पोचल्यावर थांबायचं नाही, त्याच क्षेत्रात परत थंड करत यायचं. शेवटी २ केल्विनला क्षेत्र ७ टेस्लापर्यंत नेऊन एक आलेख.

क्षेत्र जास्त लावलं तर सिग्नल मोठा मिळेल, मग १००० ओर्स्टेडच का, असं वाटेल. २ केल्विनला ७ टेस्लामध्ये सुटे स्पिन, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनांचे इवलेसे चुंबक, ९८ टक्के एका दिशेला वळून झालेले असतात. मग क्षेत्र दुप्पट केलं तरी मोमेंट दुप्पट होत नाही, आणि मोमेंट भागिले क्षेत्र या आकड्याला ससेप्टिबिलिटी म्हणण्यात अर्थ उरत नाही.

द्राक्षाचा हिशेब वजा करा

आकडे हातात आले. आता जोडीतल्या इलेक्ट्रॉनांचा विरोध काढून टाकायचा. अणूंनुसार पास्कलचे स्थिरांक बेरजेने मिळतात: कार्बन −६, हायड्रोजन −२.९३, गंधक −१५, सगळे दशलक्षांश ईएमयू प्रति मोल. झटपट अंदाज हवा असेल तर रेणुभाराच्या निम्मे, उणे चिन्ह लावून. डीपीपीएचला म्हणजे −२०० दशलक्षांशांच्या आसपास.

हे वजा केलं नाही तर काय होतं ते बघा. देणंघेणं नसलेला आदर्श रॅडिकल धरू. ३०० केल्विनला खरा आकडा १२५० दशलक्षांश, यंत्र दाखवणार १०५०. काय गुणिले तापमान, म्हणजे काय-टी, ०.३७५ ऐवजी ०.३१५. नवखा म्हणतो, "सोळा टक्के रॅडिकल मेलेत." १०० केल्विनला तोच ०.३५५ होतो. नवखा म्हणतो, "थंड करताना वाढतंय, फेरोमॅग्नेटिक!" १० केल्विनला ०.३७३. तीनही ठिकाणी रेणू तोच आणि तसाच आहे. वरच्या तापमानाला काय-टीची रेष पट्टीने आखल्यासारखी तिरकी दिसली की आधी ही वजाबाकी तपासा. रिकाम्या कॅप्सूलचाही असाच विरोध असतो, तोही वेगळा मोजून काढायचा.

आलेख वाचताना

काय विरुद्ध तापमान हा आलेख थंडीत बहुतेक वेळा वर चढतो, त्यातून डोळ्याला फार कळत नाही. काय-टी विरुद्ध तापमान काढा.

रेष ०.३७५वर सपाट: रॅडिकल एकमेकांना ओळखत नाहीत. थंड करताना खाली झुकणारी: शेजारी उलट्या दिशेने उभे राहू पाहताहेत, अँटिफेरोमॅग्नेटिक. सेंद्रिय स्फटिकांत बहुतेक वेळा हेच मिळतं, त्यात खट्टू होण्यासारखं काही नाही. शेजारच्या दोन-दोन रॅडिकलच्या जोड्या बनत असतील तर 'काय'च्या आलेखात एक गोल शिखर येतं. शिखराच्या तापमानाला १.६ने गुणलं की जोडी फोडायला लागणारी ऊर्जा केल्विनमध्ये मिळते. ५० केल्विनला शिखर, तर ऊर्जा ८० केल्विन. हे ब्लीनी आणि बॉवर्स यांच्या १९५२च्या सूत्रातून येतं. ते सूत्र त्यांनी कॉपर अ‍ॅसिटेटसाठी मांडलं, पण रॅडिकलच्या जोडीलाही चपखल बसतं. सूत्र वापरताना ही ऊर्जा 'जे' धरली की 'दोन जे', ते लिहा. परीक्षक पहिलं तेच विचारतात.

जोड्या बनणाऱ्या स्फटिकातही अगदी खाली 'काय' पुन्हा वर उसळी घेतो. घाबरू नका, ते स्फटिकातल्या दोषांपाशी एकटे राहिलेले रॅडिकल. काय-टी खाली ०.००७५वर टेकत असेल तर ०.३७५ने भागा: दोन टक्के.

थंड करताना काय-टी वर चढली तर फेरोमॅग्नेटिक ओढ: शेजारी एकाच दिशेने उभे राहू पाहताहेत. पण ओढ म्हणजे चुंबक नव्हे. दोनच रॅडिकलची जोडी असेल तर दोघांचा मिळून ०.७५चा १.०० होतो आणि तिथे थांबतो. खरा चुंबक व्हायला ओढ तिन्ही दिशांनी पसरावी लागते, आणि सेंद्रिय स्फटिकांत ती फार खालच्या तापमानाला पसरते. मिनोरू किनोशिता यांच्या टोकियोतल्या गटाने १९९१ मध्ये पॅरा-नायट्रोफिनाइल निट्रोनिल निट्रॉक्साइडचा बीटा स्फटिक फेरोमॅग्नेट असल्याचं दाखवलं, ते ०.६ केल्विनच्या खाली. नेहमीच्या स्क्विडमध्ये तुम्हाला फक्त चढती रेष दिसेल, चुंबक दिसणारच नाही. त्याच वर्षी सी-६० फुलरीन आणि टीडीएई नावाचा सेंद्रिय रेणू यांचा क्षार आला, १६ केल्विनचा. डायथायाडायाझोलिल वर्गातल्या एका रॅडिकलने ३६ केल्विनला क्षीण का होईना चुंबकत्व दाखवलं. म्हणून कुणी खोलीच्या तापमानाच्या निव्वळ सेंद्रिय चुंबकाची गोष्ट सांगितली की मी आधी चमचा विचारतो.

आणि रेष अचानक तुटली तर

धातूच्या चुंबकात तापमान वाढलं तरी अणू साधारण जागच्या जागी असतात. रेणूंचे स्फटिक मऊ असतात, दुबळ्या बंधांनी टेकून उभे. थंडीत ते आकसतात, रेणू सरकतात, कधी एकदम कूस बदलतात. गॅल्विनॉक्सिल ३०० केल्विनपासून खाली येताना फेरोमॅग्नेटिक ओढ दाखवतो, रेष वर चढत जाते, आणि ८५ केल्विनला धाडकन कोसळते. रेणूंनी जोड्या जमवलेल्या असतात.

इथे एक सापळा आहे. एक्स-रे करणारी मंडळी स्फटिकाची रचना बहुधा १०० केल्विनला घेतात. गॅल्विनॉक्सिलचा अपघात त्याच्या खाली घडतो. म्हणजे सुबक रचना हातात असूनही खालच्या भागाचं स्पष्टीकरण तिच्यात नसतं. रचना कोणत्या तापमानाची आणि मोजमाप कोणत्या तापमानाचं, हे दोन आकडे शेजारी लिहिल्याशिवाय गणितं सुरू करू नका.

टीटीटीए नावाचा छोटा, गंधक-नायट्रोजनने भरलेला रॅडिकल तर आपल्या हवामानासाठीच बनवल्यासारखा आहे. फुजिता आणि अवागा यांनी १९९९ मध्ये दाखवलं की थंड करताना तो २३० केल्विनच्या आसपास जोड्या करून चुंबकत्व गमावतो, पण तापवताना ते ३०५ केल्विनलाच परत येतं. ३०५ केल्विन म्हणजे ३२ अंश सेल्सियस. जोड्यांच्या रूपातली टीटीटीएची बाटली जानेवारीत कपाटात ठेवा, एप्रिलच्या दुपारी जोड्या फुटून ती आपोआप पॅरामॅग्नेटिक होईल, म्हणजे चुंबकाकडे ओढली जाऊ लागेल. परत जोड्या करायच्या तर उणे ४३ अंश हवेत, ते निफाडला कुठून मिळणार! मधल्या ७५ अंशांत, म्हणजे आपल्या जवळपास सगळ्या ऋतूंत, स्फटिक कोणत्या रूपात आहे हे आजच्या तापमानावरून सांगता येत नाही. तो कुठून आला, हे विचारावं लागतं. म्हणूनच तापवताना आणि थंड करताना, दोन्ही बाजूंनी मोजायला सांगितलं.

असा स्फटिक उन्हाळ्यात इंदूरला पाठवायचा झाला तर थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक घाला, आणि लेबलवर रेणूचं नाव, द्रावक, वजन यांच्याखाली एक ओळ आणखी लिहा: तयार झाल्यापासून जास्तीत जास्त किती तापमान पाहिलं. लेबल पेन्सिलीने लिहा, शाई अ‍ॅसिटोनने पुसते.